कॉलेजात शिकवताना पडणारे प्रश्न: नव्या प्राध्यापकांसाठी आणि निदेशकांसाठी

दर जूनमध्ये स्टाफरूममध्ये दोन-तीन नवे चेहरे येतात. पहिला आठवडा टाइमटेबल आणि रजिस्टरं समजून घेण्यात जातो, आणि दुसऱ्या आठवड्यात चहाच्या वेळी प्रश्न सुरू होतात. वर्षं बदलली, प्रश्न फारसे बदलले नाहीत. मी भौतिकशास्त्र शिकवतो. आधी तालुक्याच्या पदवी कॉलेजात शिकवलं, मग काही वर्षं पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला. घरात वाणिज्य शिकवणारी व्यक्ती आहे आणि एक जुना मित्र आयटीआयमध्ये निदेशक आहे, त्यामुळे तिकडचीही उदाहरणं येतील. उत्तरं माझी आहेत. पटली नाहीत तर भांडायला या.

नेट झालं, पीएचडीही होत आली. पण शिकवायचं कसं हे कोणी शिकवलंच नाही. सुरुवात कुठून करू?

तुमची तक्रार रास्त आहे. शाळेच्या वर्गावर जायला डी.एड. किंवा बी.एड. लागतं. आयटीआयच्या निदेशकासाठी वर्षभराचं शिल्प निदेशक प्रशिक्षण आहे. कॉलेजच्या वर्गावर मात्र विषय येत असला की सोमवारी सकाळी उभं राहता येतं. नोकरी लागल्यावर यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नव्या प्राध्यापकांसाठीचा प्रेरण कार्यक्रम असतो (त्याचं नाव ‘गुरुदक्षता’), आणि २०२३ पासून मालवीय मिशनच्या नावाखाली प्रशिक्षण केंद्रं चालतात. जरूर जा. पण पदोन्नतीसाठी प्रमाणपत्र गोळा करायला आलेल्यांच्या रांगेत बसलात तर त्यांच्याइतकंच मिळेल.

माझा सल्ला साधा आहे. तुमच्या कॉलेजात ज्याच्या तासाला मुलं आपणहून येतात असा एक तरी शिक्षक असतोच. तो कुठल्याही विषयाचा असो, परवानगी घेऊन त्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसा, आणि त्याच्याकडे बघू नका, मुलांकडे बघा. ती कधी लिहायची थांबतात, कधी मान वर करतात, कधी शेजाऱ्याला काही विचारतात ते टिपा. मी असं पहिल्यांदा मराठीच्या बाईंच्या तासाला केलं. व्याकरण कळलं नाही, पण त्या प्रश्न विचारून किती वेळ गप्प उभ्या राहतात ते कळलं.

लेक्चर देणं वाईट आहे का? हल्ली सगळे ‘अॅक्टिव्ह लर्निंग’ म्हणतात.

लेक्चर वाईट नाही. चाळीस-पन्नास मिनिटं अखंड बोलत राहणं मात्र वाया जातं. चांगलं रंगलेलं कीर्तन तासन्‌तास ऐकता येतं हे खरं, पण कीर्तनानंतर परीक्षा नसते, आणि कीर्तनकारसुद्धा मधे टाळ-मृदंगाला, गजराला जागा ठेवतो.

हा नुसता माझा ग्रह नाही. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली निष्कर्ष मांडले. नुसत्या लेक्चरच्या वर्गांत सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास विद्यार्थी नापास होत होते, आणि तासाला काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत २२ टक्क्यांच्या आसपास. शंभर मुलांच्या वर्गात बारा मुलं म्हणजे बारा घरं.

त्याहून मला आवडते ती एरिक माझूर यांची गोष्ट. हे हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. विद्यार्थी त्यांच्यावर खूश, परीक्षेतली अवघड गणितंही मुलं सोडवायची. १९९० च्या सुमारास त्यांच्या वाचनात अॅरिझोनातल्या शिक्षकांनी तयार केलेली एक चाचणी आली. त्यात रोजच्या भाषेतले प्रश्न होते: जड ट्रक आणि हलकी कार धडकली तर कोणाचं कोणावर बल जास्त? आपली मुलं हे सहज सोडवतील अशा खात्रीनं त्यांनी ती वर्गात दिली. एका विद्यार्थिनीनं विचारलं, की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मला खरं वाटतं तसं? दोन्ही बलं सारखीच असतात, पण न्यूटनचा तिसरा नियम पाठ असलेली मुलं ट्रकचं बल जास्त म्हणत होती. आपल्याकडे हा प्रश्न ऊसाची ट्रॉली आणि मोटारसायकल घेऊन विचारा. वर्ग हमखास ट्रॉलीच्या बाजूनं जातो, आणि मग आपण इतके दिवस काय शिकवत होतो असं वाटायला लागतं.

ठीक आहे, पण माझ्या वर्गात १२० मुलं आहेत. गटचर्चा घेऊ कशी?

गटचर्चा घेऊच नका. बाक हलवायला दहा मिनिटं जातात आणि पुढारी मुलं बोलतात. शेजारी-शेजारी बसलेली जोडी पुरते.

आयआयटी मुंबईत संगणक प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या अवाढव्य वर्गात हे करून पाहिलं आहे. प्रश्न दाखवायचा, आधी प्रत्येकानं एकट्यानं वहीत लिहायचं, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग सगळ्या वर्गापुढे चर्चा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत, या कृतीच्या वेळी सरासरी ८३ टक्के विद्यार्थी खरोखर कामात गुंतलेले दिसले. आयआयटीची मुलं निराळी, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं होतं. पण शेजाऱ्याशी बोलायला कुठल्या प्रवेशपरीक्षेची गरज नसते.

माझी पद्धत अशी. वीस मिनिटं शिकवतो. मग फळ्यावर एक प्रश्न आणि चार पर्याय. एक मिनिट गप्प राहून वहीत उत्तर लिहायचं. मग बोटं छातीशी धरून दाखवायची: अ साठी एक, ब साठी दोन. छातीशी अशासाठी, की मागच्याला दिसू नये; हात वर केला की सगळे हुशार मुलाच्या बोटांकडे बघतात. वर्गात बरोबर बोटं अंदाजे तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी असली तर माझं शिकवणंच फसलं, पुन्हा सांगतो. जवळपास सगळी बरोबर असली तर पुढे सरकतो. अधलंमधलं असलं की म्हणतो, “आता शेजाऱ्याला पटवा.” तीन मिनिटं बाजार भरल्यासारखा आवाज होतो. प्राचार्य एकदा दारात येऊन उभे राहिले होते. नंतर पुन्हा बोटं. बहुतेक वेळा बरोबर उत्तरं वाढलेली असतात, आणि मी त्यात एक शब्द बोललेला नसतो. ज्याला गेल्या पाच मिनिटांत कळलं, त्याला आपण कुठे अडलो होतो ते अजून आठवत असतं. मी ते वीस वर्षांपूर्वीच विसरलोय.

असा प्रश्न शोधायचा कसा? माझे प्रश्न फारच सोपे पडतात.

कारण ते व्याख्येचे असतात. प्रश्न असा हवा की पाठांतर करणारा चुकेल आणि समजलेला सुटेल. जुन्या पिवळ्या बल्बांचं उदाहरण घ्या. ६० वॅट आणि १०० वॅटचा बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकामागोमाग एक, घरच्या विजेवर लावले. जास्त उजेड कोणाचा? वर्ग ओरडतो, शंभरचा! खरं उत्तर साठचा, कारण त्याचा रोध जास्त आणि प्रवाह दोघांतून सारखाच. आमच्याकडे दोन होल्डर लावलेली एक फळी आहे. मुलांनी पैजा लावल्या की मी बटण दाबतो. त्यानंतर रोधाचं सूत्र सांगावं लागत नाही, मागितलं जातं.

वाणिज्यचं उदाहरण घरातून उधार आणलेलं: “यंत्रावर पन्नास हजार रुपये घसारा काढला. हे पैसे गेले कुठे?” बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातली मुलंसुद्धा ते बँकेतून गेले म्हणतात, काही जण मशीनवाल्याला दिले म्हणतात. ताळेबंद जुळवता येतो, पण घसाऱ्यात त्या वर्षी रोकड बाहेर जात नाही हे डोक्यात नसतं. आता घसारा हा शब्द किती बोलका आहे पहा. झिजणं त्याच्यातच दिसतं. तरी वर्गात आपण ‘डेप्रिसिएशन’ म्हणतो आणि ती झीज कुणाला दिसत नाही.

असे प्रश्न सुचण्यासाठी मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांमधल्या चुका जमवा. चुकांसारखा दुसरा प्रश्नसंच नाही.

प्रश्न विचारला की वर्ग गप्प. मग मीच उत्तर देतो.

किती वेळ थांबता? घड्याळ लावून बघा. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकात शाळांच्या वर्गांत मोजून पाहिलं, तर शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात, असं तिला दिसलं. तीन सेकंद वर्गात उभं राहून खूप वाटतात. मनातल्या मनात हळूहळू आकडे मोजा.

आणि “समजलं का?” हा प्रश्न कायमचा बंद करा. त्याला “हो सर” याशिवाय उत्तर नसतं.

सिलॅबस पुरा होत नाही आणि तुम्ही खेळ घ्यायला सांगता!

सिलॅबस पुरा झाला म्हणजे काय झालं? माझ्या डायरीत सह्या झाल्या. सेमिस्टर कागदावर पंधरा आठवड्यांचं असतं. त्यातून प्रवेशाच्या फेऱ्या, सण, गॅदरिंग, निवडणुकीची कामं आणि विद्यापीठाच्या परीक्षा वजा करा. उरतं ते तुम्हाला माहीत आहे. त्या उरलेल्यात सगळं धाडधाड सांगून टाकायचं, की नांगरून थोडं पेरायचं?

मी जुलैतच प्रत्येक युनिटच्या घटकांवर खुणा करतो: हे वर्गातच झालं पाहिजे, हे मुलं वाचून समजू शकतात, हे एका पानाच्या टिपणानं भागतं. तिसऱ्या प्रकारात निम्मा नाही, पण पाव भाग नक्की जातो. सूत्राच्या व्युत्पत्तीची साडेतीन पानं फळ्यावर उतरवण्यात गेलेला वेळ आठवला की आता अपराधी वाटतं.

मुलं पुस्तक उघडतच नाहीत. फक्त आयएमपी आणि गाईड.

मुलं शहाणी आहेत. आपण जे विचारतो तेच ती वाचतात. पाच वर्षांचे पेपर काढून बघा: ‘टिपा लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘व्याख्या देऊन प्रकार सांगा’. असा पेपर असताना पुस्तक वाचणारा मुलगा भाबडा ठरेल. विद्यापीठाचा पेपर आपल्या हातात नाही, पण इंटर्नल आहे. स्वायत्त कॉलेज असेल तर सगळंच हातात आहे, आणि तरीही स्वायत्त कॉलेजांचे पेपर जुन्या विद्यापीठाच्या पेपरांसारखेच निघतात. मला याचं फार नवल वाटतं.

इंटर्नलच्या वीस गुणांत पाच गुणांचा एक तरी प्रश्न असा घाला, ज्याचं उत्तर कुठल्याच गाईडमध्ये नाही. समाजशास्त्र असेल तर आपल्या गावच्या आठवडी बाजाराबद्दल विचारा. वनस्पतिशास्त्र असेल तर कॉलेजच्या आवारातल्या झाडाबद्दल. पहिल्या वर्षी बोंब होते, दुसऱ्या वर्षी सीनियर ज्युनियरांना सांगतात, “ते सर बाहेरचं विचारतात.” तेवढी कीर्ती पुरे.

अभ्यास कसा करायचा हे आपण शिकवायचं का? ती तर वीस वर्षांची आहेत.

शिकवायचं, आणि पहिल्याच आठवड्यात. विचारा वर्गाला, बहुतेक जण ‘वाचतो, परत वाचतो, अधोरेखित करतो’ असंच सांगतात. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटानं एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटानं एकदा वाचून, पुस्तक मिटून, तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं त्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री वाचणाऱ्याला जे ‘येतंय’ असं वाटतं, ते खोटं नसतं, फक्त टिकत नाही.

आपल्याकडे पाढे, परवचा, ओव्या या मार्गानंच टिकल्या. पाठांतराला हल्ली फार नावं ठेवतात, पण पुस्तक मिटून आठवणं ही त्यातली उत्तम गोष्ट होती. अर्थ न कळता घोकणं ही वाईट. आपण पहिली टाकली आणि दुसरी ठेवली.

वर्गात एवढंच करा: तासाच्या सुरुवातीला कोऱ्या कागदावर, मागच्या तासाचं काय आठवतं ते चार ओळींत. तपासू नका, गुण देऊ नका.

मराठीत शिकवू की इंग्रजीत? पेपर इंग्रजीत आहे.

यावर स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त वाद होतात, आणि मुलांना यातच सगळ्यात जास्त सोसावं लागतं. बारावीपर्यंत मराठीत, किंवा ‘सेमी’मध्ये शिकलेली मुलगी एफ.वाय.ला येते आणि तिला एकाच वेळी दोन विषय शिकावे लागतात: रसायनशास्त्र, आणि रसायनशास्त्राचं इंग्रजी. नापास बऱ्याचदा ती दुसऱ्यात होते, निकालात मात्र पहिल्याचं नाव येतं.

माझा अनुभव असा, की कल्पना मराठीत उलगडावी, संज्ञा दोन्ही भाषांत द्यावी, आणि उत्तर लिहिण्याचा सराव पेपरच्या भाषेत वर्गातच घ्यावा. तिसरी गोष्ट सगळे गाळतात. मराठीत समजावून सांगणारा शिक्षक लोकप्रिय होतो, मुलगी घरी जाते, आणि परीक्षेत पहिलं वाक्यच सुचत नाही म्हणून कोरा कागद देते. दर आठवड्याला दहा मिनिटं: एक प्रश्न, चार वाक्यं इंग्रजीत, चुकलं तरी चालेल. मी स्वतः फळ्यावर चुकीचं वाक्य लिहून त्यांना दुरुस्त करायला लावतो. हसतात, पण लिहितात.

सोयी आता पूर्वीपेक्षा बऱ्या आहेत. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईनं २०२१ पासून अभियांत्रिकीची पदवी मराठीसह काही भारतीय भाषांत शिकवायला परवानगी दिली. तंत्रशिक्षणाच्या पदविकेला द्विभाषिक पर्याय आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सॉफ्टवेअरचे धडे मराठी आवाजात मिळतात. कोशातले काही शब्द जड आहेत हे कबूल. जो शब्द वर्गाच्या तोंडी बसेल तो घ्यावा. लेथला लेथच म्हणा, कोणी रागावणार नाही.

पीपीटी वापरू का?

आकृती, फोटो, नकाशा दाखवायला वापरा. वाक्यं वाचून दाखवायला नको. वाचता मुलांनाही येतं. वीज गेली तर काय, हा प्रश्न आमच्याकडे अजून सैद्धांतिक झालेला नाही, त्यामुळे खडू खिशात असू द्या.

प्रॅक्टिकलमध्ये सगळे जर्नल उतरवतात. काय करावं?

जर्नल ही महाराष्ट्रातली सगळ्यात जास्त हातांनी लिहिली गेलेली आणि सगळ्यात कमी वाचली गेलेली वाङ्मयकृती आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर एका जर्नलवरून चाळीस होतात, रीडिंगसकट. मी एकदा एका बॅचची सगळी जर्नलं एकत्र ठेवून पाहिली तर ‘पेंड्युलम’चं स्पेलिंग सगळ्यांनी एकसारखंच चुकवलेलं होतं.

उतरवणं थांबवायला धाक उपयोगाचा नाही. प्रयोगच असा द्या की उतरवता येणार नाही. प्रत्येक जोडीला वेगळ्या लांबीचा दोरा, वेगळं भिंग, वेगळी तार. लेखनकाम कमी करा: उद्दिष्ट, साहित्य, कृती हे छापील द्या, मुलांनी फक्त स्वतःची रीडिंगं, आलेख आणि ‘माझं उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं का आलं’ याच्या पाच ओळी लिहायच्या. त्या पाच ओळी वाचायला मला मजा येते. एकानं लिहिलं होतं, “पंखा चालू होता.” बरोबर होतं ते.

हे मी खरं तर आयटीआयमधून शिकलो. फिटर ट्रेडच्या वर्कशॉपमध्ये माझा मित्र नव्या मुलांना कानस (धातू घासायचं हत्यार) चालवायला शिकवतो, तेव्हा पहिल्यांदा एक शब्दही न बोलता पूर्ण करून दाखवतो. दुसऱ्यांदा करताना सांगतो: पाय असे, कोपर असं, दाब पुढे जाताना, मागे येताना नाही. तिसऱ्यांदा तो करतो आणि सांगायचं मुलानं. मुलगा ‘दाब’ म्हणायला विसरला तर हा थांबून राहतो. मग चौथ्यांदा मुलाच्या हातात कानस. जॉब झाला की मुलगा स्वतः गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडात धरून बघतो, फट दिसते की नाही. मार्क सांगायची गरजच पडत नाही, उजेडच सांगतो. आम्ही पदवीवाले आयटीआयकडे जरा वरून बघतो. पण शिकणाऱ्याला स्वतःची चूक स्वतः बघता यावी ही सोय आमच्या किती तासांत असते?

असाइनमेंट तपासायला वेळच नाही. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास वर्ग, वर कमिट्या.

सगळ्या तपासू नका. वीस वाचा, त्यांतल्या नेहमीच्या तीन चुका फळ्यावर घ्या, आणि बाकीच्यांना आपापल्या वहीत शोधायला सांगा. चाळीस मिनिटांत काम होतं, आणि लाल पेनाच्या बरोबरच्या खुणांपेक्षा जास्त पोचतं.

आणखी एक. रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात, नुसता शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांची सुधारली नाही. गुण दिसले की शेरा कोण वाचतो! म्हणून मी आधी शेरा लिहून वही परत देतो, दुरुस्ती करून आणली की मग गुण.

चॅटजीपीटीनं असाइनमेंट लिहून आणतात. ओळखू कसं?

ओळखण्याचं सॉफ्टवेअर शोधू नका. त्याच्या भरवशावर एखाद्या प्रामाणिक मुलीला चोर ठरवाल. समोर बसवून दोन मिनिटं विचारा: हा शब्द का वापरला, हे वाक्य सोप्या मराठीत सांग. व्हायवा आपल्याकडे शंभर वर्षं आहे, तो वापरा. आणि घरी लिहून आणण्याऐवजी वर्गात लिहून घ्या. यंत्राचं उत्तर वर्गात वाटून त्यातल्या चुका शोधायला लावणं हा माझा सध्याचा आवडता तास आहे. भौतिकशास्त्राच्या एककांत ते अधूनमधून अशी ठाम थाप मारतं, की मुलांना फारच आनंद होतो.

काही मुलं ‘व्हिज्युअल’, काही ‘ऑडिटरी’. प्रत्येकाला वेगळं शिकवायचं?

नाही. हे प्रशिक्षणांत अजून शिकवलं जातं, पण पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली पुरावे तपासले, तेव्हा अशा शैलीनुसार शिकवल्यानं जास्त शिकणं होतं याला आधार सापडला नाही. नकाशा सगळ्यांनाच बघावा लागतो, आणि कविता सगळ्यांनाच ऐकावी लागते.

सीओ-पीओ मॅपिंग (कोर्सची आणि पदवीची अपेक्षित फलितं जुळवणारा तक्ता), नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली, याचा शिकवण्याशी काही संबंध आहे का?

असायला हवा होता. ‘या कोर्सनंतर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे’ हा प्रश्न उत्तम आहे. नॅक १९९४ पासून आहे; २०१४ साली भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाल्यावर अभियांत्रिकीत फलनिष्पत्तीची भाषा पक्की झाली. वाईट झालं ते एवढंच, की प्रश्न तक्त्यात गेला आणि तक्ता फायलीत. एक-दोन-तीन असे आकडे भरले जातात, कधी कधी एकाच संध्याकाळी सहा विषयांचे, तपासणीच्या आठवड्यात. मीही भरलेत.

त्यातून जगायचा मार्ग: सीओ सहा असतील तर त्यातले दोन खरे माना. त्या दोनांवर पेपरात प्रश्न ठेवा, आणि तेवढ्याच प्रश्नांत किती मुलं पास झाली ते मोजा. बाकी चार फायलीसाठी.

मुलं वर्गात येतच नाहीत. ७५ टक्के हजेरीचा नियम दाखवू का?

डिफॉल्टर यादी लावण्याआधी यादीतल्या दहा जणांशी बोला. मी बोललो तेव्हा चौघे एमआयडीसीत रात्रपाळी करत होते, एक जण सकाळी दूध घालत होता, दोघे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसत होते आणि उरलेले तिघे खरोखर कंटाळले होते. फक्त त्या तिघांवर नियमाचा इलाज चालला असता.

कामाबरोबर शिकणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा तिचा कणा केला. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं ते याच लोकांसाठी. पण नियमित कॉलेजातली कमावती मुलं आपल्याला दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी महत्त्वाचे तास दोन वेळा नाही घेता येत, पण प्रॅक्टिकलची बॅच बदलून देता येते. तासाचं एक पानी टिपण ग्रुपवर टाकता येतं. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचा एखादा कोर्स क्रेडिटसाठी सुचवता येतो, जरी एकट्यानं मोबाइलवर पूर्ण करणारी मुलं थोडीच असतात हे आधीच सांगावं.

मी सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) आहे. तासाचे पैसे, तेही उशिरा. हे सगळं मी का करावं?

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. सुट्टीत पगार नाही, पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही माहीत नाही, आणि दोन कॉलेजांच्या मधे एसटीत अर्धा दिवस जातो. अशा माणसाला ‘नवोपक्रम करा’ म्हणणं मला शोभत नाही. जागा भरल्या जात नाहीत तोवर शिकवणं सुधारण्याच्या गप्पांना मर्यादा आहे, आणि ती मर्यादा प्रशिक्षणानं ओलांडता येत नाही. फक्त एवढं सांगतो, की बोटांचा प्रश्न आणि चार ओळींचा कागद या दोन गोष्टींना तयारी कमी लागते आणि बोलून बोलून घसा बसत नाही. दिवसाला तीन गावं करणाऱ्याला त्याचा फायदा होतो. बाकी लढाई संघटनेची आहे.

नवं काही केलं तर मुलंच तक्रार करतात. “सर, तुम्ही शिकवा ना, आम्हाला काय करायला लावता?”

होणारच. हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, स्वतः प्रश्न सोडवायला लावलेली मुलं प्रत्यक्षात जास्त शिकली होती, पण ‘आपण कमी शिकलो’ असं त्यांना वाटत होतं. सुंदर लेक्चर ऐकताना सगळं सोपं वाटतं. स्वतः करताना डोकं दुखतं. हे मुलांना पहिल्याच आठवड्यात उघड सांगा, आकडे दाखवा, आणि पहिली चाचणी लवकर घ्या. सेमिस्टरच्या शेवटीच फीडबॅक घेतलात तर मारले जाल.

शिकवणं सुधारलं की नाही हे कळणार कसं?

निकालावरून नीट कळत नाही. पेपर सोपा गेला की निकाल वाढतो. मी दोन गोष्टी करतो. जुलैत विचारलेला बल्बचा प्रश्न नोव्हेंबरमध्ये, काही न सांगता, पुन्हा विचारतो. आणि महिन्यातून एकदा तास संपताना चिठ्ठ्या घेतो, नाव नाही: आज काय कळलं, काय डोक्यावरून गेलं. चिठ्ठ्या घरी नेऊन रात्री वाचतो. काहींत चित्रं असतात, एकीत माझंच व्यंगचित्र होतं, नाक जरा मोठं काढलेलं.

गेल्या ऑगस्टच्या गठ्ठ्यात सतरा चिठ्ठ्यांवर विषयाबद्दल काहीच नव्हतं. ‘सर, तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता, मागे ऐकू येत नाही.’ शब्द थोडेफार वेगळे, मजकूर हाच. इतकी वर्षं शिकवतोय, त्यात एकाही फीडबॅक फॉर्ममध्ये हा प्रश्न नव्हता. आता लिहून होईपर्यंत गप्प राहतो, मग वळतो आणि बोलतो. अजून विसरतो अधूनमधून. तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी खोकते.